लाल की हिरवा

उभ्या संसारात ऑरिनने कधी कप विसळला नव्हता. गोठा त्याचा, ट्रॅक्टर त्याचा, स्वयंपाकघरात मात्र तो पाहुण्यासारखा यायचा आणि जेवून जायचा. तोच ऑरिन या प्रवासाला निघाल्यापासून रोज संध्याकाळी बाह्या सारून बोटीतल्या वीतभर सिंकपाशी उभा राहत होता आणि कढईच्या कडा खरवडत होता. आर्लिसने ही बातमी मिनेसोटातल्या बहिणीला फोन करून मुद्दाम कळवली. बहिणीचा विश्वास बसेना, म्हणून फोटोही पाठवला.

हे सगळं एका पैजेमुळे. गाई विकून दोघांनी एक जुनी, संथ बोट घेतली होती. ऑरिनने तिला 'आर्लिस बी' असं बायकोचंच नाव दिलं. हिवाळा पाठीशी लागायच्या आत मिसिसिपी धरून थेट दक्षिणेच्या समुद्रापर्यंत जायचं ठरलं. नदीत खोल पाण्याची वाट दाखवणारे तरंगते बोये असतात. प्रवाहाबरोबर खाली जाताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या हाताला, आणि मधून चालायचं. बाहेर गेलात तर पाण्याखाली जुने दगडी बांध आहेतच. तर पैज अशी, की पुढचा बोया कोणत्या रंगाचा ते जो आधी सांगेल तो जिंकला. दिवसभरात जास्त हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची.

पैज ऑरिननेच काढली, आणि हरायचाही तोच. बोटीच्या सुकाणूच्या चाकापाशी बसून विचारायचा, "काय गं, दिसला का? लाल की हिरवा?" आर्लिस शेजारच्या उंच खुर्चीवर मांडीवर विणकाम घेऊन बसलेली. मान वर करून ती रंग सांगायची, आणि तो कपाळावर हात मारायचा, "गेली! आजही कढई माझ्याच नशिबी."

चार बायकांना होईल तेवढाच आनंद तिलाही झाला. सुरुवातीला.

पण विस्कॉन्सिनच्या टेकड्या मागे पडल्या, काठावरची झाडं पिवळीधमक झाली, पेलिकनांचे थवे दक्षिणेकडे निघाले, तरी ऑरिन एकदाही जिंकेना. साबणाने त्याच्या बोटांना भेगा पडल्या. एका रात्री हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याचं, करपलेलं भांडं घासताना त्याने हळूच बोट तोंडात धरलं, तिने ते पाहिलं आणि तिचं मन विरघळलं. म्हातारा माणूस, किती हरवायचं त्याला! उद्या आपण हरायचं, तिने ठरवून टाकलं. बायकांच्या दयेला मुहूर्त लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. नदी रुंद, समोर एकही मालवाहू बार्ज नाही. वळणापुढे एक बोया दिसला. हिरवागार, कोऱ्या बादलीसारखा लख्ख.

"काय गं," ऑरिनने विचारलं, "लाल की हिरवा?"

"लाल," आर्लिस म्हणाली आणि विणकामात तोंड लपवून हसली. आता हा ओरडणार, आंधळी झालीस का म्हणून चिडवणार, आणि आज कढई मी घासणार.

ऑरिन ओरडला नाही. "लाल," तो शांतपणे म्हणाला, आणि त्याने चाक उजवीकडे फिरवलं. बोट काठाच्या बाजूला वळली. बोया डाव्या हाताला ठेवायचा होता ना.

आधी तिला वाटलं, हा आपली थट्टा उलटवतोय. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टेचं चिन्ह नव्हतं. तो बोयाच्या दिशेने बघत होता, पण किंचित बाजूला, आणि त्याला बोया दिसतच नव्हता.

"ऑरिन, हिरवा आहे तो! मागे घे!"

त्याने तत्काळ इंजिन उलटं टाकलं, पण बोट जड, लगेच कशी थांबेल? खालून दगडावर घासल्याचा आवाज आला, कपाटातल्या बशा खणखणल्या. मग एक हिसका बसला आणि बोट सुटून खोल पाण्यात मागे आली. काठाजवळ सुरक्षित जागा बघून त्यांनी नांगर टाकला. आर्लिसने बोटीच्या तळाची फळी उचलून खाली पाणी येतंय का ते तपासलं. कोरडं होतं. तेवढं पाहून ती वर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"कधीपासून?"

ऑरिनने चाकावरचे हात काढले नाहीत. वसंतापासून, तो म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडेचं दिसतं, मधलं पुसट होत चाललंय. काठ दिसतो, बार्ज दिसतो, बोया दिसतो पण फार जवळ आल्यावर.

"म्हणजे ती पैज..."

"तुला विचारायचं होतं ना प्रत्येक वेळी. नुसतं विचारत राहिलो असतो तर तू ओळखलं असतंस."

आर्लिस संतापली. माझ्या जिवावर बोट हाकत होतास आणि मला पत्ता नाही! मी तिकडे बहिणीला फोटो पाठवतेय! ती बरंच बोलली, काही जुनं उकरून काढलं, त्यात त्याने एकदा ऐन पावसात कापून कुजवलेल्या गवताचाही विषय आला.

"अट तुझीच होती," शेवटी तो म्हणाला. "दोघांपैकी एकाचं शरीर थकलं, की पुढच्याच धक्क्याला बोट लावून ती विकायला काढायची." घर सोडायच्या आदल्या दिवशी तिने ही अट घातली होती, आपल्या गुडघ्याचा विचार करून. "म्हणून बोललो नाही. समुद्र एकदा बघायचा होता, आर्लिस. जेवढा दिसेल तेवढा."

तिला रडू आलं ते तिने लपवलं नाही. नदी पाहिली की त्याचा चेहरा कसा होतो हे तिला ठाऊक होतं. चाळीस गाई असताना त्याच्या तोंडावर ते कधी दिसलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ऊठ तिथून."

तो उठला. त्याला वाटलं, ती रेडिओवरून पुढच्या धक्क्याला कळवणार. ती त्याच्या खुर्चीवर बसली, खुर्ची आपल्या उंचीला लावून घेतली.

"अट मी घातली, मीच मोडते. चालवीन मी. पाणी उतरवणाऱ्या लॉकच्या हौदात शिरताना इंजिन किती ठेवायचं ते तू सांग, दोर तू धर, रेडिओवर बार्जवाल्यांशी तूच बोल, मला त्यांचं काही कळत नाही. नांगर उचल आता."

"तुला बोट धक्क्याला लावता येत नाही."

"तुला भांडी कुठे येत होती?"

नांगर वर आला. बोट थोडी वेडीवाकडी चालली, मग सरळ झाली. ऑरिन शेजारच्या उंच खुर्चीवर बसला, विणकाम उचलून काळजीपूर्वक मांडीवर घेतलं.

"काय गं," त्याने विचारलं, "पुढे काय आहे?"

"लाल."

"खरंच लाल?"

"खरंच लाल. डाव्या हाताला ठेवतेय." आर्लिसने समोरची नजर हलवली नाही. "यापुढे तुला कधी जिंकू देणार नाही."