आवाजावरून आजार

सकाळी दहालाच रुग्णालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. काही रुग्ण तर सलाइनच्या स्टँडसकट आले होते. मंचावर एक चकचकीत यंत्र होतं. त्याच्यासमोर तीन वाक्यं बोलायची, की आजार पडद्यावर हजर.

"रक्त नको, लघवी नको," विक्रेता सांगत होता, "यंत्राला फक्त तुमचा विश्वास हवा."

पहिल्या बाईंचा मधुमेह निघाला, मग एका आजोबांचा दमा, तिसऱ्याचा मूतखडा, तोही डाव्या बाजूचा. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात माझ्या.

मी नवं तंत्रज्ञान पारखणाऱ्या समितीचा अध्यक्ष. पारखणं म्हणजे माहितीपत्रक चाळणं आणि इतर कोणी ते घेतलंय का विचारणं, एवढंच मला येत होतं. शिफारसपत्रावर सही मी आदल्या दिवशीच ठोकली होती. यंत्र आलं की रक्ततपासणीची प्रयोगशाळा बंद व्हायची होती.

नोंदणी विभागातल्या बाई जवळ आल्या. रुग्ण बोलण्याआधी त्याचा केसपेपर क्रमांक यंत्रात कशाला भरतात, असं त्यांनी हळूच विचारलं. ती तांत्रिक बाब आहे, असं मी ऐटीत सांगितलं.

"मग साहेब, आता तुम्ही बोला. क्रमांक माझ्या सुनेचा देऊ."

नाही म्हणायला कारण सुचेना. बाईंनी क्रमांकाची चिठ्ठी विक्रेत्याला दिली. मी घसा खाकरून तीन वाक्यं बोललो. पडद्यावर अक्षरं उमटली: 'गर्भ सात महिन्यांचा. हिमोग्लोबिन कमी.'

सभागृह हसून लोटपोट झालं. माझं पोट पाहता मागच्या रांगेतल्या काहींना मात्र यात चुकलं काय, ते कळेना.

विक्रेता नेटवर्कला दोष देऊ लागला. तोवर प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी यंत्राचं झाकण काढलं. माइकची वायर आत कशालाच जोडलेली नव्हती. चाचणीसाठी म्हणून विक्रेत्याने आमच्या सगळ्या नोंदी दोन महिन्यांपूर्वीच नेल्या होत्या, त्याही माझ्याच परवानगीने. यंत्र क्रमांक पाहून आमच्याच डॉक्टरांचं निदान आम्हाला वाचून दाखवत होतं.

"ज्याचा केसपेपरच नाही, अशा नव्या रुग्णाला याने काय सांगितलं असतं?" तंत्रज्ञ बाईंनी मला विचारलं.

मान खाली घालून मी शिफारसपत्र सर्वांदेखत फाडलं.

मंडळी, यंत्र कितीही नवं असो, ते बरोबर आलं म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका. ते चुकतं कधी, हे आधी तपासा. त्यासाठी समितीचा अध्यक्ष असावं लागत नाही. मी होतो, आणि तपासलं नव्हतं.