छातीतला ढोल

खारबावच्या मैदानात मंगळवारी पाय ठेवायला जागा नसते. देवीचे भगत तुळशीराम महाराज पितळी डबी उघडतात, चिमूटभर अंगारा भक्ताच्या जिभेवर ठेवतात. थोड्या वेळाने त्याचे डोळे लकाकतात, घाम फुटतो, थकवा पळतो. मग महाराज त्याच्या छातीला कान लावतात. "वाजला! आईचा ढोल वाजला! झोप देहाला लागते, आईला न्हाय!" ज्याचा ढोल सर्वांत जोरात, त्याला पालखीचा पुढचा दांडा. आई नेमकी डबी उघडल्यावरच कशी येते, हे कुणाला खटकलं नाही.

माझ्या बाबांना तो मान सलग मिळत होता. केसरीनाथ, वय अठ्ठावन्न, नारपोलीत कापडाचे बारा लूम. कारागीर गावी गेले की दोन्ही शिफ्टना स्वतः उभे राहायचे. महाराजांनी दिलेली अंगाऱ्याची पुडी कायम खिशात. "थकवाच न्हाय गो मृणाली. आईची किरपा हाय." त्यांची छाती धडधडायला लागली तेव्हा आत्याने नारळ फोडला. प्रसाद मीही खाल्ला.

पालखी खांद्यावर असतानाच ते कोसळले. महाराज म्हणाले, "आईनं भक्ताला जवळ केलं."

तीन महिन्यांनी माझा धाकटा भाऊ प्रितेश बाबांचा दांडा धरायला निघाला. हातात महाराजांनी दिलेली नवी पुडी. मी दारात उभी राहिले.

"ताई, बाजूला हो. मान आपल्या घरचा हाय."

"आधी हे वाच." बाबांच्या खिशातल्या पुडीचा तपासणी अहवाल पोलिसांकडून कालच मिळाला होता. राखेत मेफेड्रोन होतं. पोरं ज्याला एमडी म्हणतात, ते ड्रग.

"वाचून बाबा परत येनार हायत?"

"नाही. पण ऐक. हे हृदयाला सतत पळवतं. रक्तवाहिन्या आवळतात, प्राणवायू कमी पडतो, पेशींत कॅल्शियम साचतं आणि त्या मरतात. मेलेल्यांच्या जागी नव्या पेशी जवळजवळ येतच नाहीत, वण राहतो. शवविच्छेदनात डॉक्टरांना बाबांच्या हृदयात जुने वणही सापडले."

"मग तो ढोल?"

"हृदय 'थांबा' म्हणत होतं, प्रितेश. महाराज कान लावायचे आणि आपण हसत होतो."

तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मोटर तापली की लूम आपण लगेच बंद करतो."

पुडी मोरीत टाकायला उठला, तेव्हा मी हात धरला. ती पुरावा म्हणून पोलिसांना हवी होती.

अहवालाची प्रत आम्ही दोघांनी मैदानाच्या फाटकावर लावली आहे. कुणी थकवा पळवणारं काही दिलं, तर त्यात काय आहे ते आधी विचारा. छाती धडधडली तर डॉक्टर गाठा. आम्ही विचारलं नाही.