एक राहिलं

किशनरावांचं बोट कळीवर पडलं, पुन्हा पडलं, पण पडद्यावर काही उमटेना.

धुरपताबाई शेजारी बसून मेथी निवडत होती. कीबोर्डची टकटक तिच्या कानाला इतकी सवयीची झाली होती की तिकडं तिचं ध्यानच नव्हतं. नवऱ्याच्या घशातून ‘अं, अं’ सुरू झालं, तेव्हा तिनं मान वर केली. हिरव्या अक्षरांची ओळ मधेच थांबली होती. ओळीच्या टोकाशी बारकी रेघ उघडझाप करत होती, पण पुढं सरकत नव्हती.

“काय झालं वो? हात भरून आला का?”

किशनरावांनी डोळे मिटले नाहीत. मिटले की ‘हो’, उघडे ठेवले की ‘नाही’, एवढी भाषा अर्धांगवायूनं त्यांच्यापाशी शिल्लक ठेवली होती. बाकीचं सगळं बोलणं या कॉम्प्युटरमधून चालायचं.

परभणीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं किशनरावांनी वळवली होती. त्यांचा टायपिंगचा क्लास म्हणजे काय विचारता! विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूचं निवेदन आणि नामांतराच्या विरोधातलं निवेदन एकाच दुपारी एकाच मशीनवर टाईप करून, दोन्हीतलं शुद्धलेखन सुधारून देणारा हा माणूस. पुढं ‘जमाना बदलायलाय’ म्हणत त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर आणला, घरातच ठेवला, आधी आपण शिकू मग पोरांना शिकवू म्हणाले. शिकून होतात न होतात तोच एका सकाळी डावी बाजू गेली, जीभही गेली. उजवा हात राहिला, पण तोही थरथरणारा. पेन धरवेना. टाईपरायटरची कळ दाबायला जोर लागतो, तोही नव्हता. कॉम्प्युटरची कळ मात्र नुसतं बोट टेकलं तरी दबायची. मग त्या कीबोर्डवरच संसार सुरू झाला.

धुरपताबाई चारठाण्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. या मशीनला मराठी येत नव्हती, इंग्रजी अक्षरांतूनच मराठी लिहावं लागायचं. पन्नाशीला टेकलेली बाई एबीसीडी शिकली. किशनराव कळ दाबायचे, ती अक्षर ओळखायची. दाताखाली खडे लागत भाकर खावी तशी ती वाचायची, पण वाचायची. पहिल्या दिवशी पडद्यावर ‘चहा’ आलं. दुसऱ्या दिवशी ‘साखर कमी’. तेव्हा ती रडता रडता म्हणाली होती, “जीभ गेली, पर खोडी गेली न्हाई.”

आज खंडेनवमी. सकाळी तिनं विळी, उखळ, खुरपं, क्लासमधून आणून ठेवलेला एक टाईपरायटर, सगळ्यांची पूजा मांडली. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली आणि कीबोर्डवर हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. चांगल्या मूठभर वाहिल्या. ज्याच्यावर घर बोलतं त्याला कमी का म्हणून वाहायच्या?

जेवणं झाल्यावर किशनरावांनी डोळ्यांनीच कीबोर्ड मागितला.

“आज नगं. पुजलेल्या हत्याराला आजच्या दिस हात लावू नाय,” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा मागितला. हट्टाला पेटले की ते आधीपासूनच असे. तिनं अक्षता वरच्यावर फुंकून कीबोर्ड पुढं ठेवला आणि वाईट वाटून घेत मेथी निवडायला बसली.

आता ती चष्मा लावून पडद्याजवळ गेली. एकेक अक्षर जुळवलं.

‘धुरपता एक राहिलं’

हेच शब्द! सासरे, आबासाहेब, जाताना हेच बोलले होते. “किशन, एक राहिलं…” म्हणाले, तोंडात पाण्याची धार घेतली आणि संपले. काय राहिलं होतं ते देवालाच ठाऊक. किशनराव पुढं कितीतरी वर्षं जेवताना मधेच घास हातात धरून म्हणायचे, “काय राहिलं असंल गं आबांचं?” आणि आज त्यांनी स्वतःच ते लिहिलं होतं.

“अवो, काय राहिलं? छातीत दुखायलंय का?”

डोळे उघडेच.

“श्वास कोंडायलाय? डागदराला बोलावू?”

डोळे उघडेच. वर चिडलेले.

“मग काय राहिलं? शेताचं? माझ्या भावाचं काय देणं? कुणाला काय कबूल केलतं का तुमी?”

किशनरावांचा हात उचलला गेला, थरथरत कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्याकडं गेला आणि मांडीवर पडला. तिनं पाण्याचा तांब्या आणला. नको. उशी आणली. नको. पानाचा डबा आणला, तेव्हा त्यांनी असा काही उसासा सोडला की तिला आपलीच लाज वाटली. तीस वर्षं या माणसाच्या घरात नांदले आणि त्याच्या एका बोटाचा अर्थ मला लागू नये! तिनं स्वतः दोन-चार कळा दाबून पाहिल्या. रेघ जागची हलेना. मागची वायर चाचपली, ती घट्ट होती. मनात एकच घोळत होतं, की आपण नको म्हणत असताना हत्याराला हात लावला, म्हणून ते रुसलं.

“जागचे हलू नका,” असं ती बोलून गेली आणि जीभ चावली. ते कुठं हलणार होते! पायात चपला अडकवून ती बन्सीधरकडं पळाली.

बन्सीधर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. एकेकाळी किशनरावांच्या क्लासात टायपिंग शिकला होता आणि नापास झाला होता, तरी सरांवर जीव होता. कॉम्प्युटर आला तेव्हा वायरा त्यानंच जोडल्या होत्या. तो ओसरीत आडवा झाला होता. त्याच्यापुढं पाटावर पेचकस, पक्कड, कथलाचा डाग द्यायची कावी, सगळं कुंकवानं लाल होऊन मांडलेलं होतं.

“काकू, येतो की, पर हत्यार आणणार न्हाई,” तो म्हणाला. “आज पेचकस पुजेत हाय. उद्या शिलंगण झाल्याबिगर मी त्याला शिवत न्हाई. माझ्या बापानं बी कधी शिवलं न्हाई.”

“तू आधी चल तर!”

तो मोकळ्या हातानं आला. सरांना वाकून नमस्कार केला, पडद्याकडं पाहिलं, कीबोर्डवरून बोट फिरवलं आणि खालच्या कोपऱ्यात थांबला. तिथली एक कळ आत गेली होती, ती वर येत नव्हती.

“ही बघा, काकू. ही कळ दबलेलीच राहिली की मशीनला वाटतं, काहीतरी हुकूम यायलाय. मग बाकीच्या अक्षरांकडं ते ध्यानच देत न्हाई. सरांचा हात टेकला असंल हिच्यावर.” त्यानं कळ नखानं उचकटून पाहिली. फटीत काहीतरी पांढरं दिसलं. “तांदूळ! आयला, अक्षता शिरल्यात आत. कुंकू बी चिकटलंय.”

धुरपताबाईचं तोंड पांढरं पडलं. म्हणजे मशीन रुसलं नव्हतं. नवऱ्याचं तोंड तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं, तेही पूजा करून.

किशनराव तिच्याकडं बघत होते. मघाशी ते हाच कोपरा दाखवत होते, हे आता तिला कळलं.

“खोलावं लागंल,” बन्सीधर म्हणाला. “उद्या सकाळी येतो पेचकस घेऊन.”

“उद्या?” ती जवळजवळ ओरडलीच. “अरे, उद्याचं कुणी बघितलंय? ह्यांचं काय राहिलंय ते आजच कळाया पाहिजे!”

बन्सीधरला आबासाहेबांची गोष्ट माहीत नव्हती, पण बाईचा चेहरा दिसत होता. त्यानं मान खाली घातली. “काकू, सरांसाठी जीव देईन, पर पुजेतलं हत्यार… तेवढं सोडून सांगा. आन तुमीच झटकून बघणार असाल, तर एक ध्यानात ठेवा. वायर काढायच्या आधी मशीन बंद करा, न्हाईतर आतलं जळतंय. बंद केलं की मात्र पडद्यावरचं पुसलं जातंय.”

तो गेला. धुरपताबाई बटणापाशी उभी राहिली. हिरवी ओळ डोळ्यांपुढं होती. ‘धुरपता एक राहिलं.’ ही पुसायची? पुसल्यावर मशीन चालूच झालं नाही तर? रात्रीत ह्यांचं काही बरंवाईट झालं, तर आपल्यापाशी ती एवढीसुद्धा राहायची नाही. तिचा हात बटणावर नुसता टेकून राहिला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

किशनरावांनी शांतपणे डोळे मिटले.

तिनं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि तिला भडभडून आलं. पण रडायला सवड कुणाला होती? तिनं वायर उपटली, कीबोर्ड उचलून अंगणात नेला, उकिडवी बसली. पेचकस नसला म्हणून काय झालं, जन्मभर धान्य पाखडलेले हात होते. तिनं कीबोर्ड पालथा धरला, सुपासारखा घोळला, खालून हलक्या थापा मारल्या. अक्षता गळायला लागल्या. दोन, चार, मग कुंकवाचा भुगा, मग झेंडूची एक पाकळी. कोपऱ्यातला दाणा तेवढा निघेना. तिनं अंबाड्यातला आकडा काढला, श्वास धरून फटीत घातला आणि भाकरीखालचा कोळसा सरकवावा तसा अलगद सरकवला. दाणा उडाला. कळ टक्‌कन वर आली.

तिनं वायर जोडली. बटण दाबलं. मशीननं घरघर केली, आकडे मोजले, एकदा टुंग केलं. किशनरावांनी शिकवलं होतं तसं तिनं एकेक कळ दाबून लिहायचं पान उघडलं. रेघ उघडझाप करायला लागली. तिनं कीबोर्ड त्यांच्या हाताखाली सरकवला आणि देवाचं नाव घेतलं.

बोट पडलं. अक्षर उमटलं.

“बोला,” ती म्हणाली. “काय बी असू द्या. वंगाळ असलं तरी बोला. मी ऐकती.”

बोट हळूहळू चालत होतं. प्रत्येक अक्षराला ती ओठ हलवत होती. आबासाहेबांना बोलायला एवढाच वेळ मिळाला असता तर, असंही तिच्या मनात येऊन गेलं. ओळ पुरी झाली. तिनं एकदा वाचली, मग चष्मा पदरानं पुसून पुन्हा वाचली.

‘सगळी हत्यारं पुजलीस. तुझे हात राहिले.’

“येड लागलं का तुमाला!” ती म्हणाली. “ह्याच्यापायी? माझा जीव जायची पाळी आली की वो!” आणि मग तिला धड हसताही येईना, धड रडताही येईना. सोड्यानं भांडी घासून फाटलेली, या माणसाला रोज कुशीवर वळवणारी, आताच कीबोर्ड पाखडलेली बोटं तिनं पदराखाली लपवली. असं काही तिला या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. किशनरावांना जीभ होती तेव्हा त्यांनीही म्हटलं नव्हतं.

किशनरावांची नजर पूजेच्या ताटाकडं गेली. तिनं ताट आणून त्यांच्या मांडीजवळ धरलं. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं. ते इतकं थरथरत होतं, की कुंकू ताटात कमी आणि चादरीवर जास्त सांडत होतं.

“थांबा, थांबा,” ती घाईनं म्हणाली.

तिनं आधी कीबोर्ड उचलून लांब ठेवला. मग दोन्ही हात पुढं केले.