धुतलेली भिंत

मित्रांनो, मी जुना दिसतो, पण जुना नाही. माझ्या पत्र्यावर गंज आहे, दारावरचा हिरवा रंग उडाला आहे आणि पायाशी शेवाळ धरले आहे. तरी माझा जन्म अगदी अलीकडचा. मी एक मालधक्का आहे. मालगाडीतून आलेली पोती जिथे उतरवून ठेवतात, ती स्टेशनामागची लांबट, पत्र्याची इमारत म्हणजे मालधक्का. माझ्यात मात्र एकही पोते मावणार नाही, कारण मी तुमच्या तळहातावर बसेन एवढाच आहे. खेळण्यातल्या रेल्वेच्या कडेला ठेवण्यासाठी मला बनवले आहे.

माझ्या भिंतीवर एक डाग आहे. त्याची मला फार लाज वाटायची. मग एक दिवस तो डाग गेला आणि मला त्याहून जास्त लाज वाटली. ते कसे घडले, तेच आज सांगतो.

मला घडवणारी बाई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि ती त्यावरून दात घडवते. सगळी गल्ली तिला कवळीताई म्हणते. तिच्या कामाच्या खोलीमागे आणखी एक खोली आहे. तिथे एका लांब फळीवर तिची रेल्वे आहे. रूळ, सिग्नल, बोगदा, पाण्याची टाकी आणि एक छोटे स्टेशन. कवळीसाठी कालवलेले प्लास्टर थोडे उरले, की ताईच्या हातांना चैन पडत नाही. माझ्या भिंती त्याच उरलेल्या प्लास्टरच्या आहेत. दात कोरायच्या अणकुचीदार हत्याराने तिने माझी एकेक वीट आखली. सरबताच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, तो कंगव्याच्या दातांवर दाबून, त्याला पन्हळी पाडल्या आणि माझे छप्पर केले. माझ्या खिडक्यांच्या काचा म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाचे पारदर्शक वेष्टण.

मग तिने मला विटकरी रंग दिला. काय दिसत होतो मी! शेजारच्या पांढऱ्याशुभ्र स्टेशनाकडे मी मान वर करून बघू लागलो. पण माझा तोरा जेमतेम रंग वाळेपर्यंत टिकला. रंग वाळला आणि ताईने मला मळवायला घेतले.

होय मित्रांनो, मुद्दाम मळवायला! काळी शाई पातळ करून तिने माझ्या अंगावरून फिरवली, तशी ती विटांच्या फटींत जाऊन बसली. तांबडा खडू किसून त्याची पूड तिने पत्र्यावर चोळली. खिळ्यांपासून गंजाचे ओघळ काढताना ती मला नेहमी सरळ उभा धरायची. एकदा घाईत तिने मला उलटे धरून रंगवले होते, तेव्हा ओघळ खालून वर गेले. "अगंबाई, पाऊस जमिनीतून पडला की काय!" असे म्हणून ती एकटीच हसली आणि सगळे पुसून तिने पुन्हा सुरुवात केली.

शेवटी तिने माझ्या पुढच्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, माणसाची पाठ येईल एवढ्या उंचीवर तो डाग काढला. काळपट, तेलकट, मध्येच किंचित चकाकणारा. तो काढायला तिला साऱ्या छपरापेक्षा जास्त वेळ लागला. आता वरून वार्निशचा एक हात द्यायचा, म्हणजे सगळे पक्के बसते. पण वार्निश संपले होते, आणि तो हात राहून गेला.

मला फळीवर ठेवले तेव्हा वाटले, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावे. शेजारी चकचकीत स्टेशन, आणि मी असा, चिखलात लोळून आल्यासारखा. रोज आगगाडी समोरून जायची आणि मला वाटायचे, हिने आज तरी दुसरीकडे बघावे.

ताईचे वडील पुढच्या खोलीत राहतात. त्यांनी सारी उमर एका मालधक्क्यावर पोती वाहिली. ताईने त्यांना आपली रेल्वे बघायला कितीदा बोलावले. "बघू उद्या," असे ते म्हणायचे आणि उठायचेच नाहीत. पुढे शाळेच्या सभागृहात छोट्या आगगाड्यांचे प्रदर्शन ठरले. ताईची रेल्वेही तिथे मांडायची होती. वडिलांनी सोबत यावे, एवढीच तिची इच्छा होती.

प्रदर्शनाच्या आधी ताईचा धाकटा भाऊ आला. तो गावोगाव फिरून पंखे विकतो. बोलायला मोठा गोड. तो फळीभोवती फिरला आणि माझ्यापाशी थांबला.

"ताई, बाकी सगळं झकास जमलंय. पण हे काय? नव्या शर्टावर चहा सांडल्यासारखं दिसतंय."

"तो डाग आहे. काढलाय मी."

"डाग काढतात म्हणजे पुसतात गं! तू उलटंच करतेस." तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि हे बघ, तिथं माझी गिऱ्हाइकंही येतील. बाबांचं कुणी विचारलं तर 'रेल्वेत होते' एवढंच सांग. मी तेवढंच सांगतो."

दार उघडे होते. पलीकडे खुर्चीत बाबा बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या हातातले वर्तमानपत्र हलायचे थांबले, ते मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात कवळ्या पोचवायला गेली. घरात कुणी नाही असे पाहून बाबा पहिल्यांदाच मागच्या खोलीत आले. स्टेशनाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. मला उचलून ते मोरीत गेले. त्या घरात जुन्या दातघासण्यांना तोटा नाही. एक ब्रश घेऊन, साबणाच्या पाण्यात बुडवून ते माझी पुढची भिंत घासू लागले. खडूची पूड, शाई, तो डाग, सगळे मोरीत वाहून गेले.

मित्रांनो, खरे सांगू? मला फार बरे वाटले. सुटलो एकदाचा, असे झाले. मी मोरीच्या नळात स्वतःचा चेहरा पाहिला आणि खूष झालो. मग माझी नजर बाबांच्या तोंडाकडे गेली. ते खूष नव्हते. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखे ते घाईघाईने घासत होते.

तेवढ्यात ताई परत आली. मोरीच्या दारात उभी राहून ती बघतच राहिली. पुढची भिंत लख्ख, बाकीच्या तीन भिंती मळकट आणि वर गंजलेला पत्रा. एकाच गालाला पावडर लावल्यासारखा मी दिसत होतो.

"बाबा, अहो हे काय केलंत!"

"साफ केलं," बाबा म्हणाले. "लोक येणार उद्या. आमच्या पाठींची घाण लोकांना कशाला दाखवायची?"

"घाण म्हणून नव्हती काढली मी."

"घाणच होती ती. आम्हाला बसायला बाकडं नव्हतं. गाडीचा डबा रिकामा केला की तिथंच भिंतीला टेकायचो. साहेब ओरडायचा, भिंत मळते, टेकू नका. एकदा तर सगळ्यांच्या देखत बादली दिली माझ्या हातात. म्हणाला, पूस." बाबा ब्रश झटकत राहिले. "तू तेव्हा माझा जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होतीस. मी तुला पाहिलं. पण ओळख दाखवली नाही. भिंतच पुसत बसलो."

नळ ठिबकत होता. ताईने तो बंद केला.

"मला ते आठवतच नाही," ती म्हणाली. "मला वेगळंच आठवतं. तुम्ही सगळे सिमेंटनं एकसारखे पांढरे झालेले असायचात. त्यातले माझे बाबा कोणते, तेच मला कळायचं नाही. मी रडकुंडीला यायचे. मग तुम्ही सांगितलंत, त्या काळ्या डागापाशी थांबत जा, मी तिथं येतो. मी डागाला पाठ लावून उभी राहायचे. भिंत गरम असायची, बाबा. आणि तुम्ही यायचातच."

बाबांनी मला टॉवेलने टिपले. इतक्या हलक्या हाताने मला कधी कुणी धरले नव्हते. मला माझ्या लख्खपणाची अशी लाज वाटली म्हणून सांगू! ज्या डागापाशी एक मुलगी आपल्या बापाला शोधायची, तो गेला म्हणून मी नळात तोंड बघत होतो.

मग बाबा खाकरले. "एवढा मोठा नव्हता तो."

"काय?"

"डाग. तू एकच थोराड काढला होतास. तो आम्हा सगळ्यांचा मिळून होता, पण सलग नव्हता. उंच माणसांचा वर, माझा जरा खाली. मी ठेंगणा ना! आण ते तुझं खडूबिडू."

मग दोघे फळीपाशी बसले. ताईने खडू किसला. बाबांनी आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळला. "ही पाठ आमच्या मुकादमाची. हा एक पैलवान होता, एकटाच दोघांची जागा अडवायचा. आणि ही माझी." ते एकेक डाग टेकवत गेले. ताईने त्यांच्या कोपराला हाताचा आधार दिला. ती म्हणाली, "झालं का?" बाबा म्हणाले, "थांब." आणि सगळ्या डागांच्या खाली, अगदी जमिनीजवळ, त्यांनी कापूस हलकेच टेकवला. डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही एवढा एक ठिपका उमटला.

"हा कुणाचा?" ताईने विचारले.

"डबेवालीचा," बाबा म्हणाले.

या वेळी वार्निश द्यायला ताई विसरली नाही.

प्रदर्शनाला बाबा आले. माझ्या मागेच खुर्ची घेऊन बसले. मुले यायची आणि विचारायची, "आजोबा, ही भिंत एवढी मळकी का?" बाबा पाठी मोजून दाखवायचे. भाऊ लांब उभा राहून एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "आमचे वडील रेल्वेत होते." शेजारची एक चिमुरडी पटकन म्हणाली, "हो, त्या तिथं! दाराजवळ, खालून दुसरा डाग!" भाऊ कानापर्यंत लाल झाला. त्या लाजेला मी चांगला ओळखतो. गर्दी पांगल्यावर तो एकटाच माझ्यासमोर उकिडवा बसला आणि डोळे बारीक करून बघत राहिला. त्याला खालचा ठिपका दिसला की नाही, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, घर झाडावे, वस्तू पुसाव्यात, हे तुम्हाला सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. माझी एवढीच विनंती आहे. पुसायला फडके हातात घेतलेत, की आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, हा डाग कुणाचा? कदाचित ते नुसतेच "पूस" म्हणतील. पण कदाचित ते तुमच्या शेजारी येऊन बसतील. मग फडके जरा बाजूला ठेवा.

मी अजून त्याच फळीवर आहे. आगगाडी समोरून जाते. ती आली, की मी दाराकडची बाजू तिच्याकडे करून उभा असतो.