विणीच्या दिवसांतलं गवत

लिअँडरकाका जूनच्या तीन तारखेला गेले, आणि चोवीस तारखेला त्यांचा गहू कापायला सहा हार्वेस्टर दारात आले. आमच्या कॅन्ससात असंच असतं. माणूस गेला की शेजारी आपलं पीक उभं ठेवतात नि आधी त्याचं कापतात. बोलावणं नाही, आभार नाहीत. खाली पिवळा गहू, वर निळं आभाळ, मध्ये हळूहळू सरकणारी सहा यंत्रं.

चार वाजता गहू संपला. ऊन अजून बक्कळ होतं. रस्त्याकडेचं ऐंशी एकर गवत कमरेइतकं वाढलेलं बघून शेजारचा गिल्बर्ट राईडेल म्हणाला, "लिअँडरनं असं गबाळं ठेवलं नसतं." आणि त्यानं ट्रॅक्टरला गवत कापायचं यंत्र जोडलं.

जमीन काकांची, पण गवत सरकारच्या कराराचं. दहा वर्षं नांगर लावायचा नाही, गवत राखायचं, आणि दर ऑक्टोबरात सरकारनं पैसे द्यायचे. पंधरा एप्रिल ते पंधरा जुलै पाखरांची वीण. त्या दिवसांत गवताला पातं लागता कामा नये. गिल्बर्टनं जन्मात सरकारचा पैसा घेतला नव्हता. त्याला तारखा ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मला ठाऊक होत्या. काउंटीच्या शेती कचेरीत ते कागद माझ्याच टेबलावर येतात.

महिन्याभरानं काकांची बायको, माझ्या आईची चुलत बहीण अल्विनामावशी, समोर येऊन बसली. चर्चला घालायचा निळा झगा. बटणं एक घर चुकवून लावलेली.

"कॉफी, मावशी?"

"दे. कुणी काही दिलं की घेते हल्ली."

"एकच प्रश्न आहे. गवत कापलं ते तुझ्या नकळत ना? नकळत असेल तर यंदाचे थोडे पैसे कापतात, बास. माहीत असून कापू दिलं असेल तर करार मोडतो, आजवरच्या नऊ वर्षांचे पैसे परत मागतात. जमीन विकावी लागेल गं."

"गिल्बर्ट बाहेर पिकअपमध्ये बसलाय. म्हणतो, सगळं माझ्यावर ढकल. रडत होता गाढव. नाक माझ्या रुमालाला पुसलं."

"मग ढकल की! त्याला दंडबिंड काही नाही. 'नकळत' वर खूण कर, सही कर, घरी जा."

तिनं पेन घेतलं. ते हातात तसंच राहिलं.

"मी खिडकीत उभी होते, डार्ला. कापणीला आलेल्यांसाठी कोबी-खिम्याचे पाव भाजत होते. सत्तर. यंत्र गवतात शिरलं तेव्हा मला तारीख ठाऊक होती. खिडकी उघडून हाक मारायची, एवढंच. गिल्बर्ट थांबला असता."

"मग?"

"तोंडून हाक आलीच नाही. लावे उडत होते. एक उडाला, मग दुसरा. मी बघत राहिले. काही वाटलं नाही. पाखरांसाठी नाही, लिअँडरसाठी नाही. ओव्हन वाजला, पाव काढले."

मी आवाज खाली आणला. "हे मी ऐकलं नाही. मन ठिकाणावर नव्हतं तुझं. त्यालाच नकळत म्हणतात."

"ठिकाणावर होतं. एकही पाव करपला नाही."

"मावशी, घर जाईल."

"जून लागल्यापासून सगळे माझ्या वतीनं बोलतात. दुःखात आहे म्हणतात. मी दुःखात नाही गं पोरी, मी कुठंच नाही. त्या खिडकीत तेवढी होते. ते तू पुसू नकोस."

तिनं 'माहीत होतं' वर खूण केली. सही केली, ठळक, वळणदार, शाळेत शिकवली तशी.

मी शिक्का मारला. दुसरं काय करणार होते?

काचेतून दिसलं, गिल्बर्टनं उतरून तिच्यासाठी दार उघडलं, काहीतरी विचारलं. ती बोलली. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग दोघं आत बसून राहिले, गाडी सुरू न करता, दुपारचे बाकीचे लोक येत-जात होते तोवर.