ज्या प्रार्थनेला आमेन नव्हतं

वर्षातून एकदा मंडळीचे वडील, म्हणजे चर्चनं निवडलेले जाणते पुरुष, घरोघरी येऊन माणसांच्या आत्म्याची विचारपूस करतात. हॉलंडच्या झेलंड प्रांतातल्या आमच्या गावात त्या संध्याकाळी कुत्रंसुद्धा जपून भुंकतं. नेला सकाळपासून पुढची खोली पुसत होती. ही खोली उघडायची ती वडिलांसाठी, नाहीतर मयतासाठी. एरवी पाचही पोरांना तिचा उंबरा ओलांडायची बंदी.

पाचही पोरं. इथंच तर घोडं अडलं होतं. धाकट्या आद्रीला चार वर्षं झाली आणि पाळणा अजून माळ्यावर धूळ खात पडलेला. शेजारच्या घरात अकरावं, पलीकडच्या घरात नववं, आणि नेला आपली पाचावर थांबलेली. आमच्याकडच्या बायका रविवारी देवळाबाहेर हवापाण्याच्या गप्पा मारतात, पण डोळे एकमेकींच्या पोटावर असतात.

आद्रीच्या वेळी रक्त गादीतून खाली फळ्यांपर्यंत गेलं होतं. सुईणीनं हात टेकले, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं म्हणून नेला वाचली. डॉक्टर म्हणाले, पुढचं बाळंतपण म्हणजे तुमची मयत. त्यांनी पोर राहू नये म्हणून गोळ्या लिहून दिल्या. आमच्या मंडळीत हे पाप. त्या आता कपड्यांच्या चिमट्यांच्या पिशवीत असायच्या आणि ते फक्त नवऱ्याला, मारीनुसला ठाऊक होतं. नेलाला भीती होती ती त्याचीच. गाय विकायला नेली तर भाव सांगायच्या आधी ‘लाथा मारते हं’ म्हणून सांगणारा माणूस तो.

“त्यांनी विचारलं तर?” नेलानं शेगडी पेटवता पेटवता विचारलं.

“विचारलं तर सांगेन.”

“अरे, प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला बंदी घालतील! सगळ्या मंडळीदेखत! पोरांना शाळेत कोण जवळ करेल?”

“मग खोटं बोलू? वडिलांशी?”

“गप्प बस, एवढंच म्हणतेय. वर्षभर जमतं ना तुला? माझ्याशी कुठे बोलतोस! आज एक दिवस त्यांच्यापुढे गप्प बस.”

मारीनुस गप्प बसला. पण त्या गप्प बसण्यानं तिला काही धीर आला नाही.

सात वाजता दोघे वडील आले. काळे कोट, काळ्या टोप्या. थोरले वेरहाखेकाका, नेलाच्या बापाचे मित्र, लहानपणी तिला धर्माची प्रश्नोत्तरी शिकवणारे गुरुजी. त्यांच्यामागे तरुण क्वास्त, नुकताच वडील म्हणून निवडून आलेला, टोपी कुठे ठेवावी या विवंचनेत. पोरं वर चिडीचूप. नेलानं कॉफी आणली. कप बशीत वाजू नयेत म्हणून तिनं ट्रे पोटाशी घट्ट धरला होता.

“मारीनुस, आत्म्याचं कसं काय?” काकांनी विचारलं.

“डगमगतंय, काका.”

“बाकी काही बोलशील? तुझा बाप निदान बीटाच्या पिकावर तरी बोलायचा.” काका हसले. मग कप खाली ठेवून ते नेलाकडे वळले. “धाकटा चार वर्षांचा झाला ना गं?”

नेलानं नवऱ्याकडे पाहिलं. मारीनुसनं मान वर केली. आता हा बोलणार.

“मला कळतं पोरी,” काका हळू आवाजात म्हणाले. “बाया काय वाटेल ते बोलतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. परमेश्वर कधी कधी कूस बंद करतो. बायबलातल्या हन्नाची केली होती, सारेची केली होती. त्यात तुझा काय दोष?”

नेलाला क्षणभर काही समजेना. मग समजलं आणि हसू दाबायला तिला ओठ चावावे लागले. म्हातारा तिचं सांत्वन करत होता! कुणी काही विचारलंच नव्हतं. मारीनुसनं मान पुन्हा खाली घातली. तिनं दुसरा कप भरला. दुसरा कप झाला की वडील उठतात. संपलं एकदाचं.

“चला, प्रार्थना करू,” काका म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले.

“हे प्रभो, तुझ्या या दासीचं दुःख तू जाणतोस. तिची कूस पुन्हा उघड. हे वर्ष सरायच्या आत तिच्या मांडीवर लेकरू दे...”

वेरहाखेकाकांची प्रार्थना वाया जात नाही, असं अख्खं गाव म्हणायचं. या क्वास्तची बायको न्यूमोनियातून उठली ती त्यांच्याच प्रार्थनेनं. आणि नेलाचा देवावर विश्वास होता, रविवारी टोपी घालून देवळात मिरवण्यापुरता नव्हे, अगदी खराखुरा. देव ऐकतो, हे ती जाणून होती. ज्यानं सारेला नव्वदीत पोर दिलं, त्याला मसुराएवढी एक गोळी काय अडवणार? तिला गादीखालच्या फळ्या दिसल्या. वर पाच पोरं होती. त्यांना कोण बघणार?

“...येशूच्या नावानं मागतो. आमेन.”

“आमेन,” क्वास्त म्हणाला. नेलाचं आणि मारीनुसचं आमेन आलं नाही.

काकांनी डोळे उघडले. “नेला?”

“मागे घ्या ते.” आवाज आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं. “काका, पाया पडते, मागे घ्या. देवानं कूस बंद केलेली नाही. मी केलीय. मी गोळ्या घेते. आणखी एक पोर झालं तर मी मरेन.”

“गोळ्या मीच आणून देतो,” मारीनुस म्हणाला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. “लेकरं म्हणजे परमेश्वरानं दिलेलं वतन. तुझ्या बापाच्या घरात तू हे रोज ऐकलंस.”

“आणि जाणूनबुजून आपला जीव धोक्यात घालू नये, हे तुमच्या वर्गात ऐकलं. सहावी आज्ञा, ‘खून करू नको’. पाठ नव्हतं म्हणून पट्टी मारली होतीत मला.”

“धोका कशाला म्हणायचं ते कोण ठरवणार? डॉक्टर की देव?”

“ते मला नाही ठाऊक, काका. मला मरायचं नाही, एवढंच ठाऊक आहे.”

काका उठले. त्यांना टोपी चटकन सापडेना, क्वास्तनं ती हातात दिली तशी त्यांनी डोक्यावर चढवली. “मला मंडळीत सांगावं लागेल. येत्या प्रभुभोजनाला तुम्ही दोघं बाकावरच बसून राहाल. मेजाशी यायचं नाही.”

दिवसभर ज्याची धास्ती घेतली होती ते हेच. आता ते ऐकून नेलाला काहीच वाटलं नाही. ती दारात आडवी उभी राहिली.

“बसू आम्ही बाकावर. पण ती प्रार्थना मागे घेतल्याशिवाय जाऊ नका.”

“प्रार्थना मागे घेता येत नसते!”

“मग दुसरी करा.”

“काका,” क्वास्त त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आपणहून बोलला, “करा ना.”

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी पुन्हा काढली. मघाचा तो देवळातला भरदार आवाज कुठेतरी गेला होता.

“हे प्रभो,” तो म्हणाला आणि अडला. “हिला जगू दे.”

“आमेन,” नेला म्हणाली. मारीनुस म्हणाला. क्वास्तही म्हणाला. काका मात्र टोपी चढवून तिच्या बाजूनं वाट काढत अंगणात उतरले आणि तिथून मागे न बघता म्हणाले, “बाकावरच बसायचं, नेला. विसरू नकोस.”

“बसेन, काका,” ती म्हणाली. “जिवंत बसेन.”