नऊ नंबरची शेळी

“एवढी एकच ओळ आहे मावशी. वाचा आणि सही करा.”

संचालकांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. मावशींनी चष्मा चढवला, ओठ हलवत वाचलं. नऊ क्रमांकाच्या शेळीला नजरचुकीने एखादी कॅप्सूल जास्त दिली गेली असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

“मी नाकारते,” मावशी म्हणाल्या.

“नुसती शक्यता म्हटलंय हो. शक्यता काय, कशाचीही असते.”

“मग तुम्ही दिली असण्याची शक्यता लिहा. त्याच्यावर करते सही.”

संचालकांचा चेहरा ताठ झाला. मावशी संस्थेच्या गोठ्यात एकतीस वर्षं होत्या. संचालक बदलत गेले, पण शेळ्यांच्या तोंडात हात घालायला कायम मावशीच. निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही दोनदा मुदतवाढ मिळाली होती, कारण त्यांच्यासारखं औषध पाजायला दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

भांडण एका तणनाशकाचं होतं. वैरणीच्या शेतात ते फवारायची परवानगी कंपनीला हवी होती. तो चारा खाणाऱ्या जनावराच्या दुधात, मांसात औषधाचा किती अंश कायद्यानं चालवून घ्यायचा, हे सरकारी समितीला ठरवायचं होतं. त्यासाठी कंपनीच्या खर्चानं संस्थेच्या गोठ्यात बारा शेळ्यांना अठ्ठावीस दिवस रोज एक कॅप्सूल दिली गेली. तीन-तीनचे चार गट, कुणाला कमी औषधाची, कुणाला जास्त, एका गटाला रिकामीच. एकोणतिसाव्या दिवशी साऱ्या कापल्या आणि दूध, कलेजी, गुर्दे तपासणीला गेले.

नऊ नंबरच्या गुर्द्यात तिच्या गटातल्या दोघींच्या तिप्पट औषध निघालं. तिला हिशेबात धरलं तर मर्यादा इतकी वर न्यावी लागत होती, की तेवढा अंश लहान मुलांच्या पोटात जाऊ देणं धोक्याचं ठरत होतं. म्हणजे परवानगी नाही. तिला वगळलं की सगळं सुरळीत. म्हणून कंपनीनं खापर फोडायला डोकं शोधलं, आणि ते मावशींचं निघालं.

“तुमची मुदतवाढ माझ्या सहीनं होते, एवढं लक्षात ठेवा,” संचालक म्हणाले.

“ठेवते की. तुमची सही सुरेख आहे.”

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. “एका मेलेल्या शेळीपायी? कर ना सही! तुझ्या बापाचं काय जातंय?”

“माझ्या हाताचं जातंय.”

“हात घेऊन बस मग घरी.”

सुनावणीच्या दिवशी मावशींना लांब टेबलाच्या टोकाला बसवलं. मधोमध समितीच्या अध्यक्षबाई, एका बाजूला कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला संचालक. संचालक आपल्याच बाजूचे असायला हवे होते, पण ते खिडकीबाहेर बघत होते.

वकिलानं सुरुवात केली. “शिक्षण किती?”

“सातवी.”

“बाराच्या बारा शेळ्या पांढऱ्या. नऊ नंबर कोणती हे तुम्हाला कळायचं कसं?”

“तुम्ही सासूबाईंना कसं ओळखता? नंबर बघून?”

टेबलाभोवती खसखस पिकली. अध्यक्षबाईंनी पेन आपटलं. “सरळ उत्तर द्या.”

“कानात बिल्ला होता बाई. पण नसता तरी ओळखली असती. ती एकटीच चावायची.”

“बरोबर!” वकील पुढे वाकला. “त्रास द्यायची. मग एखाद्या दिवशी वैतागून, गडबडीत, दोन कॅप्सूल गेल्या असतील.”

“प्रत्येकीची डबी वेगळी. आत मोजून अठ्ठावीस. नऊला दोन गेल्या असत्या, तर तिची नाहीतर दुसरीची डबी एक दिवस आधी संपली असती. तपासणीवाल्या बाई रोज संध्याकाळी डब्या मोजायच्या. त्यांना विचारा.”

मागच्या खुर्चीतून तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, “एकही डबी आधी संपली नव्हती.”

वकिलानं कागद उलटेपालटे केले. मग आवाज गोड केला. “छान. म्हणजे अठ्ठावीस दिवसांत तुमच्या हातून एकही चूक झाली नाही. शपथेवर सांगताय ना?”

‘नाही झाली’ म्हटलं की संपत होतं. संचालकांनी पहिल्यांदाच मावशींकडे पाहिलं.

“झाली,” मावशी म्हणाल्या. “एकोणिसाव्या दिवशी नऊनं कॅप्सूल थुंकली. खुराखाली चिरडली, लेंड्यांत कालवली गेली. जादा कॅप्सूल नव्हती. वर सांगितलं तर चाचणी पहिल्यापासून करतील, पुन्हा बारा शेळ्या कापतील, असं मनात आलं. म्हणून रोजच्या नोंदीच्या तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि गप्प बसले.”

“म्हणजे तक्ता खोटा!” वकील उभाच राहिला. “अध्यक्षबाई, या बाईचं एक अक्षर तरी धरायचं का?”

“त्या एका घरात खोटा,” मावशींचाही आवाज चढला. “तुम्ही म्हणता तिला एक जास्त गेली. अहो, एक कमी गेली! सत्तावीसवर तिच्या गुर्द्यात एवढं निघालं. अठ्ठाविसावी पोटात राहिली असती तर किती निघालं असतं, ते मांडा आता.”

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि मावशींना जायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. नऊ नंबर वगळता येणार नाही. वैरणीवर फवारणीला परवानगी नाही. त्याच टपालानं मावशींच्या नावाचं पत्र आलं. तक्त्यात खोटी नोंद केल्याबद्दल मुदतवाढ नाकारली होती. खाली संचालकांची सुरेख सही.

संस्थेत चहाच्या वेळी मावशींच्या बाकावर कुणी टेकेना. तपासणीवाल्या बाई एकदा दारापर्यंत आल्या, “मावशी, मी…” एवढंच म्हणून परत गेल्या. नवरा म्हणाला, “झालं समाधान?” मावशींनी त्याला चार दिवस चहा दिला नाही.

शेवटच्या सकाळी गोठ्यात नव्या शेळ्या आल्या होत्या आणि मावशींच्या जागी ठेक्यावरचा एक पोक्त माणूस. तो शेळीचे दात फाकवून कॅप्सूल पुढूनच टाकत होता. शेळी थुंकत होती, तो शिव्या देत होता. मावशींनी त्याला बाजूला केलं. गालफडाच्या कोपऱ्यातून दोन बोटं आत, कॅप्सूल जिभेच्या मुळाशी, जबडा मिटून गळ्यावरून हलका हात. शेळीनं गिळलं.

“जिभेखाली बघायचं,” त्या म्हणाल्या. “रोज. आणि थुंकली तर थुंकली असं लिहायचं.”

तो म्हणाला, “तुम्ही लिहिलं होतं का?”

मावशींनी कोपरापर्यंत हात धुतले, पिशवी उचलली आणि निघाल्या.

फाटकावर पहारेकऱ्यानं ओळखपत्र काढून घेतलं. अकरा वर्षं रोज ‘काय मावशी’ म्हणणारा माणूस आज पिशवीत हात घालून चाचपत होता. तळातून त्यानं काळे रबरी बूट ओढून काढले.

“हे संस्थेचे दिसतात.”

“माझे आहेत.”

“पावती?”

मावशींनी फाटकाच्या खांबाला टेकून चपला काढल्या. एक पाय बुटात घातला, मग दुसरा. आतून झिजून बुटांना त्यांच्या पायांचाच आकार आलेला होता, अंगठ्याजवळची बाहेर आलेली गाठसुद्धा रबरावर उमटलेली. पहारेकरी त्या गाठीकडे बघत राहिला.

चपला पिशवीत टाकून, कोरड्या ठणठणीत रस्त्यावरून बूट फडफड वाजवत मावशी बसथांब्याकडे चालू लागल्या.